दस्त्याला भोक न पाडता

नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक डच गृहस्थ राहतात. थंडी पडली की शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या जमिनीवर ते सशांच्या शिकारीला जातात, रीतसर परवान्यावर. गेल्या वर्षी सायकलवरून पडून त्यांचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण दुनळी बंदूक तासभर हातात धरणं काही जमेना. खांद्याला अडकवायला पट्टा हवा होता. दुकानदार म्हणाला, दस्त्याला भोक पाडून कडी बसवू. हे तिथून तसेच उठून आले. बंदूक त्यांच्या वडिलांची होती, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा.

मी हार्लेमला चामड्याचं शिवणकाम शिकले होते. कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "भोक न पाडता करून देशील?"

मी हो म्हणाले. घरात नवरा भडकला. "आपले पर्मनंट रेसिडेन्सीचे कागद अजून सरकारी ऑफिसात अडकलेत, आणि तू बंदुकीला हात लावणार?"

"हात नाही लावत रे. माप घेते."

पण हात लावावाच लागला. त्यांनी जेवणाच्या टेबलावर बंदूक बिजागरीपाशी उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः बघ." मी वाकून बघितलं. नळ्यांतून पलीकडची खिडकी दिसली.

दस्त्याभोवती कागद गुंडाळून मी आकार काढला. मऊ चामड्याची बाही शिवली आणि खालच्या बाजूने वादीने आवळली. लाकडाला धातू लागू नये म्हणून आतून जाड अस्तर दिलं. पुढे नळ्यांना चामड्याचंच कडं केलं, बटणावर उघडणारं, आणि पट्ट्याची दोन टोकं बाहीला आणि कड्याला शिवली. बंदूक त्यांच्या कुलूपबंद कपाटातच असायची. मीच तुकडे घेऊन खेपा घालायचे.

एका शनिवारी सकाळी पट्टा घालून बघायला आम्ही दोघं त्या शेतावर गेलो. मनगटावर भार नको म्हणून त्यांनी पट्टा गळ्यातून आडवा घातला. वाटेत पाण्याने भरलेला एक चर होता, त्यावर ओली फळी. ते थांबले. काडतुसं काढून खिशात टाकली, बंदूक उघडीच ठेवली आणि फळीवर पाय टाकला.

तिसऱ्या पावलाला ते घसरले.

कमरेपर्यंत पाण्यात. बंदूक फळी आणि काठाच्या मध्ये अडकली आणि पट्टा त्यांच्या गळ्याशी आवळला गेला. टाच हलवली की ते चिखलात आणखी खाली जात होते, आणि पट्टा आणखी ताणला जात होता. माझा एकही टाका उसवत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपलं काम कच्चं असतं तर बरं झालं असतं.

"चाकू," ते कसंबसं म्हणाले. "खिशात. काप."

खिसा पाण्याखाली होता. मी फळीवर पालथी पडले आणि नळ्यांवरचं ते बटण शोधू लागले. बोटं बधिर झाली होती. चामडं फुगून बटणावर घट्ट बसलेलं. नखाने निघेना, तेव्हा दात लावले. बटण सुटलं, पट्टा सैल पडला आणि बंदूक दस्त्यावर आपटत काठावरून घसरली. फळीतल्या खिळ्याने लाकूड खरवडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

फळीला आणि माझ्या हाताला धरून ते काठावर आले, बराच वेळ खोकले. मग बंदूक उचलली. दस्त्यावर बोटभर लांब पांढरा ओरखडा होता.

"माफ करा," मी म्हणाले.

त्यांनी ओरखड्यावर अंगठा फिरवला. "बाही लगेच सोड," एवढंच म्हणाले. "ओलं चामडं लाकडावर ठेवायचं नाही."

मी वादी सोडून बाही काढली. बाहीखालचं लाकूड मात्र कोरडं होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. "बंदूक उघडी होती ना?" असं मात्र त्याने तीनदा विचारलं.

पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांनी पट्टा परत मागितला. मी बटण बदललं, एका ओढीत सुटणारं केलं आणि म्हणाले, "गळ्यातून नाही घालायचा. फक्त खांद्यावर." त्यांनी मान डोलावली आणि एकटेच शिकारीला गेले. त्या दिवशी मी ऑफिसचं काम घरून करत होते. दुपारी त्यांची गाडी दारात लागेपर्यंत मीटिंगमध्ये कोण काय बोललं, ते मला आजही सांगता येणार नाही.