व्याज बाजाराचं, नखरे खैरातीचे

लेथवाल्याने ‘उद्या या’ म्हटलं, तर तुमच्यापैकी किती जण खरंच दुसऱ्या दिवशी जातात? लाजू नका. आपण सगळेच आठवड्याने जातो, आणि तरीही काम झालेलं नसतं.

आमच्या शेजारचे चाचा तर या बाबतीत नावाजलेले होते. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचा छापखाना आणि त्यांचा लेथ यांच्यामध्ये फक्त पत्र्याची भिंत. मी इकडे पत्रकं छापायची आणि पलीकडून दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं, “उद्या या, इन्शाल्ला!” गिऱ्हाईक चिडलं की चाचा चष्मा कपाळावर सरकवायचे. “भाऊ, घाई केली का लोखंड रागावते.” पण एकदा काम हातावेगळं केलं, की जोड कुठे आहे ते नखालासुद्धा सापडत नसे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका सकाळी त्यांच्या शेडसमोर सरकारी जीप थांबली. घाटंजी रस्त्यावरच्या आठ गावांची नळयोजना बंद पडली होती. योजना एका परदेशी सरकारने आपल्या सरकारला दिलेल्या कर्जातून झालेली. पंप त्याच देशाचा. त्यांच्या कंपनीच्या माणसाने पंप उघडला, दांड्यावरची झिजलेली स्लीव्ह, म्हणजे मनगटाएवढी धातूची नळी, काढून टेबलावर ठेवली आणि “नवी आमच्याकडून येईल” असं सांगून तो निघून गेला. कधी येईल, ते सांगितलं नाही. म्हणून योजनेचे तरुण इंजिनिअर साहेब ती नळी फडक्यात गुंडाळून गुपचूप चाचांकडे घेऊन आले होते. जीपमध्ये त्या गावांपैकी एका गावातल्या शांताबाई होत्या. कपाशीवाल्या घरच्या, बचत गटाच्या अध्यक्ष, आणि तोंडाने तिखट.

“चाचा, हे उद्यावर नका टाकू,” त्या म्हणाल्या. “दोन कोसावरून पानी आनून राह्यलो आम्ही.”

चाचांनी नळी व्हर्नियरच्या मापपट्टीत धरली, उजेडाकडे फिरवली आणि म्हणाले, “परवा.”

आणि वाचकहो, तिसऱ्या दिवशी सकाळी स्लीव्ह खरंच तयार होती! मी ती हातात घेतली आहे. चाचा इतके खूश होते की त्यांनी मला आणि समोरच्या वेल्डरला चहा पाजला. “लिहून ठेव बेटी. जिंदगीत पहिल्यांदा टाइमावर देऊन राह्यलो.”

साहेब आले, ते हात हलवत. बाहेरचा पार्ट चालेल का, असं त्यांनी वर नुसतं विचारून पाहिलं होतं आणि उत्तर आलं होतं: कंपनीचा सोडून दुसरा पार्ट बसवायचा नाही. बसवला तर ग्यारंटी संपते, आणि ग्यारंटी संपली की कर्जाचा पुढचा पैसा अडतो.

चाचांना ते पटेना. मी माहिती अधिकारात करार मागवला. आला तो इंग्रजीत. चाचांनी लेथ बंद केला आणि मी त्यांना तो मराठीत वाचून दाखवला. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“ब्याज किती?”

“बाजारात चालतं तेवढं. दर सहा महिन्यांनी बदलतं. बाजार चढला की तेही चढतं.”

“मंग हे मदत कशी?”

मी त्यांना सांगितलं की पूर्वी श्रीमंत सरकारं गरीब देशांना कमी व्याजाने, लांबच्या मुदतीने पैसे द्यायची. माल आमचाच घ्या, ही अट तेव्हाही असायची, पण निदान व्याजात सवलत होती. आता आपल्यासारख्यांना पुष्कळदा बाजारभावानेच देतात. सवलत गेली, अट राहिली.

“सवलत काहून गेली?”

“कागदावर आपण आता तितके गरीब राहिलो नाही, चाचा.”

“जाऊन सांग मंग त्या आठ गावायले, श्रीमंत झाले म्हनून.” ते हसले आणि मग चिडले. “ब्याज बाजाराचं आन् नखरे खैरातीचे! खैरात असती तं मान खाली घातली असती. पुरे पैसे मोजून राह्यलो, तरी झाकन उघडाले त्यायले विचारायचं?”

पण गावांना हे कोण सांगणार? त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, की पार्ट चाचांकडे गेला आणि पाणी आलं नाही. पंधरा दिवसांनी शांताबाई शेडमध्ये आल्या.

“झालं काय, चाचा?”

“तिसऱ्याच दिवशी झालं, बाई.”

“मंग बसवत काहून नाही?”

“बसवू देत नाही. ते दूरचं सरकार.”

शांताबाई कमरेवर हात ठेवून हसल्या. “माह्या वखराच्या लोखंडी पासेले तीन हप्ते लावले तुम्ही. तवा कोन्तं सरकार आडवं आलं होतं?”

चाचांनी स्लीव्ह काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. “हे कोन्या दुसऱ्याचं असन.”

माझं रक्त तापलं. मी रात्रंदिवस बसून पत्रक काढलं, कराराची कलमं सोप्या मराठीत मांडली, आठही गावांच्या बाजारात वाटलं. परिणाम काय झाला? पारावर एक जण म्हणाला, “चाचा लई पोचलेला हाये. बहाना छापून आनला!” ते मी स्वतः ऐकलं. चाचांची बाजू मांडायला गेले आणि त्यांच्या नावावर आणखी एक डाग पाडून आले.

शेवटी आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. चाचांनी स्लीव्ह बसवा असं म्हटलंच नाही. ते म्हणाले, “नका बसवू. एवढं लिहून द्या, का पार्ट टाइमावर तयार होता. मी गावायले दाखवतो.”

साहेब भला माणूस. पेनाचं टोपण काढत, लावत बसले. “चाचा, लिहून दिलं तं मीच तुम्हाले पार्ट बाहेर दिला, हे कबूल होते. मले नोकरी हाये.”

“हो, बाबू,” चाचा म्हणाले. “तुमचं बी खरं हाये.”

त्यानंतर गिऱ्हाइकाला त्यांनी ‘उद्या’ म्हटल्याचं मी ऐकलं नाही. “सांगता येत नाही,” एवढंच म्हणायचे.

त्याच पावसाळ्यात चाचा गेले. झोपेतच. दिवाळीच्या सुमारास परदेशातून स्लीव्ह आली आणि नळांना पाणी आलं. तेव्हा शांताबाई चाचांच्या घरच्यांना भेटायला आल्या, मीही तिथे होते. रडल्या. मग म्हणाल्या, “मानूस सोन्याचा. फक्त आमच्या पार्टाले उशीर केला.”

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, रडणाऱ्या पोरीला समजावतात तसा, आणि म्हणाल्या, “जाऊ दे बाई. गेलेल्या मानसाचं काय धरून बसायचं.”

म्हणून हे लिहिते आहे. माझ्या शब्दावर गावं विश्वास ठेवत नाहीत, तुमच्या ठेवतील. घाटंजी रस्त्याच्या त्या बाजूला तुमचं कुणी असेल, मामा, आत्या, व्याही, कुणीही, तर आजच त्यांना फोन करा. करार, व्याज सांगत बसू नका. सांगा, पार्ट तिसऱ्या दिवशी तयार होता.