खांदेमळणीचा मान

चौसाळ्यात बैलाचा खांदा म्हटला की त्रिंबकतात्या. पोळ्याच्या आदल्या सांजेला, खांदेमळणीला, ज्या त्या गोठ्यात हळद-तुपाचा पहिला हात त्यांचाच. असा मान सरपंचालाही नव्हता. तात्या तो मिरवायचेही, आणि का मिरवू नये?

यंदा मात्र घोडं अडलं. हनुमानच्या पाखऱ्या बैलाचा खांदा उसाच्या गाडीनं फुटला होता. तात्यांनी उन्हाळाभर कडुलिंब लावला, हळद भरली. जखम काही भरून येईना. शेवटी हनुमाननं बैल जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिथली डॉक्टरीण धनश्री, वय ते काय तिचं! तिनं जखम धुतली आणि खनिजाची पांढरी भुकटी भरली. "हिच्या आधारानं नवं मांस धरतं. तेल, तूप, हळद काही लावू नका," म्हणाली. आणि खरंच, खांदा भरत आला की! गावभर बाईचंच नाव. तात्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड. टपरीवर कुणी "बाईचा हात लई गुणाचा" म्हणालं की यांचा चहा तिथंच राहायचा.

"दगडाचा चुरा त्यो! चुऱ्यानं कुठं मांस येतं व्हय रं?"

खांदेमळणीला ते हनुमानच्या गोठ्यात गेले. हनुमान अदबीनं म्हणाला, "तात्या, ह्यो खांदा तेवढा ऱ्हाऊ द्या. बाईनं न्हाई म्हणलंय. दसऱ्यानंतर कारखान्यावर जायचं हाय, ह्यो बरा झाला तरच जोडी जुंपता येती."

बाईनं न्हाई म्हणलंय! खांदेमळणीच्या दिवशी, आणि ते कुणाला, तर त्रिंबकतात्यांना! हनुमान आरतीचं ताट आणायला आत वळला, तसा तात्यांनी तुपाचा हात नेमका त्याच खांद्यावर दाबला. पाखऱ्यानं सवयीनं मान खाली केली. रागारागानं अंगठा फिरला, पांढरी खपली निघाली आणि खालचं कोवळं मांस फाटून रक्त आलं. इतकं निरोगी, गुलाबी मांस तात्यांच्या औषधानं कधी धरलं नव्हतं. ते बघून तात्या आणखीच जळले.

हनुमान बाहेर आला आणि रक्त बघून त्यानं ताट खाली ठेवलं. "नुसता हात लागला न् रगात? वरवरच भरलं व्हतं म्हणायचं. तुमीच खरं बोलत व्हता, तात्या. आता तुमीच बगा ह्याला."

काय गोड वाटलं ते! हेच तर ऐकायला कान आसुसले होते. नुसतं 'बरं' म्हटलं की झालं. पण उद्यापासून या खांद्याला लावायचं काय? आपल्या हातून तो भरायचा नाही, हनुमानची जोडी मोडणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"बाईचंच खरं व्हतं," तात्या कसेबसे म्हणाले. "म्या खरवडलंय. फोन लाव तिला, आत्ताच."

हनुमाननं फोन लावला. तात्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. मग दुसऱ्या बैलाचा खांदा त्यानं स्वतःच मळायला घेतला. तात्या दारात उभेच. उलटा मळत होता लेकाचा, केसांच्या विरुद्ध बाजूनं. पण सांगायचं कोणत्या तोंडानं?