सैल माप

दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर दाराकडे पाठ करून बसत आणि नुसत्या पावलांच्या आवाजावरून जिन्यावरच्या माणसाचं वजन सांगत. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. "चौथ्या मजल्यावरचे जोशी. दोन किलोंनी वाढलेत," त्या भाजी निवडता निवडता म्हणत. सहसा चुकत नसत.

ठाण्यातल्या एका रुग्णालयात त्या ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. वजन उतरवण्याच्या बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करतात आणि आतड्याचा ठरलेला भाग वगळून पुढचं आतडं तिला जोडतात. तो भाग खुणेच्या फितीने मोजतात. डॉक्टर मोजत, सिस्टर मोठ्याने आकडे म्हणत: दहा, वीस, तीस. घरी पडद्याची दोरी हातात आली तरी त्यांच्या तोंडून तेच आकडे निघत.

"आतडं म्हणजे चड्डीचं इलॅस्टिक रे," त्या मला सांगत. "ताणून मोजलं तर कमी वगळलं जातं, सैल मोजलं तर जास्त. ताणून मोजलेला माणूस उतरायचा लवकर थांबतो. सैल मोजलेला थांबतच नाही."

माझ्या दादाचं ऑपरेशन तिथेच झालं. आकडे म्हणायला सिस्टरच होत्या. वर्षभर बिल्डिंगमध्ये कौतुक चाललं. "काय हिरो, ओळखलंच नाही!" मग कौतुक थांबलं. वजन उतरायचं थांबलं नाही. केस गळाले, पाय सुजले. दादा व्यवस्थित जेवायचा आणि उतरत जायचा.

एका दुपारी मी सिस्टरांकडे बसलो होतो. जाळीच्या दारातून दादा वर जाताना दिसला.

"दादा आला," मी म्हणालो.

"कुठे?"

"आत्ता गेला की वर."

त्यांच्या हातातली मेथी हातातच राहिली. त्या म्हणाल्या, "डॉक्टर नवीन होते. सैल मोजत होते. मला दिसत होतं, आणि मी नुसते आकडे म्हणत राहिले. आकडा बरोबर होता रे. माप चुकलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच रुग्णालयाला लिहून दिलं आणि नोकरी सोडली. दादाचं दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी नीट मोजून जोड वर घेतला, वगळलेलं आतडं कमी केलं. दादा हळूहळू भरला.

सिस्टर वारल्या त्या आठवड्यात कोणाला ओळखत नव्हत्या. जिन्यावर पाऊल वाजलं की बोटं चादरीवर सरकत. दादाचं पाऊल वाजलं की बोटं थांबत. "थांबला," त्या म्हणत.

त्यांचं घर आता बंद असतं. दुसऱ्या मजल्यावर आलं की दादा मुद्दाम पाय आपटतो. मी कारण विचारलं.

"एकदा विसरलेलो," तो म्हणाला. "तर दाराच्या आतून मोजायला सुरुवात झाली. दहा, वीस, तीस."