एकविसावा दिवस

माझ्या मायला फुकटचं काही चालायचं नाही. शेजारणीनं वाटीभर वरण दिलं तर वाटी रिकामी परत जायची नाही, निदान चार मिरच्या तरी त्यात पडायच्या. हदगावकडच्या शेतकरी घरातली ती. सोमवार, शनिवार, चतुर्थी, सगळं कडक. पुढं तिनं येशूवर विश्वास ठेवला, तेव्हा सोमवार सुटला आणि शुक्रवार आला. देव बदलला, उपास तसेच राहिले.

पाळक सांगून सांगून थकले, "बाई, त्यानं तुम्हाला कृपेनं स्वीकारलंय. कमवायचं काही उरलं नाही." माय मान डोलवायची अन् घरी येऊन म्हणायची, "असं कुठं असतंय व्हय? घेतलं असंल तर मला कळाया नको?" ते कळावं म्हणून तिनं एकवीस दिवसांचा उपास धरला. दिवसभर काही नाही, दिवस मावळल्यावर अर्धी भाकर. मधी मोडला की पुन्हा पहिल्यापासून. हा कायदा बायबलात कुठंच नाही, माहेराहून आणलेला. आणि हिला दहा वर्षांची शुगर! मी लई भांडले. ताट आपटलं, बोलणं सोडलं. ती आपली चटईवर गुडघे टेकून बसलेली.

एकोणिसाव्या दिवशी घरात वास यायला लागला. उंदीर मेला असंल म्हणून मी कपाट सरकवलं, माळा झाडला. वास मायच्या चटईपाशी होता. भर उन्हाळ्यात तिच्या पायात मोजे. मी ओढूनच काढले. अंगठा काळाठिक्कर पडला होता अन् ते काळं वर सरकून राहिलं होतं.

"तुला सांगितलं असतं तर तू उपास मोडाया लावला असतास," ती म्हणाली.

मला इतका राग आला की माझा हात उचलला गेला. मग भीती वाटली अन् मी रिक्षा बोलवायला पळाले.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल, उद्या सकाळी. रात्रीपासून पाणीसुद्धा द्यायचं नाही. ते ऐकून माय चक्क खूश झाली. पण सकाळी दुसरी कुठली तरी तातडीची केस आली आणि मायचं ऑपरेशन एक दिवस पुढं गेलं. दुपारी मायच्या बोटातलं रक्त तपासताना सिस्टरचा चेहराच बदलला. शुगर पार खाली गेली होती. सलाईनला शीर सापडेना. "तोंडानंच साखरपाणी पाजा, लवकर! बेशुद्ध पडल्या तर अवघड होईल."

मायनं ओठ घट्ट मिटले. कपाळावर घाम, हात गार, नजर भलतीकडंच.

"उद्याचा एकच दिवस ऱ्हायला," ती पुटपुटली.

"अगं मरशील!"

"मरंन. पर त्यानं मला घेतलंच न्हाई तर?"

तिला असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाळकांचं सगळं बोलणं मी विसरले. जे माझं होतं तेवढंच आठवलं.

"माय, मी घर सोडून पळाले होते. दोन वर्षांनी आले. दारात तू मला काय म्हणालीस?"

सिस्टर गडबड करत होती.

"जेवलीस का, म्हणलं."

"आधी पाया पड म्हणलीस? चार दिवस उपाशी बस म्हणलीस?"

"येडी का तू? लेक होतीस माझी."

"मग तो तुझ्याहून कठोर हाय का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तोंड उघडलं. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला, दुसरा गिळला, मग सगळा पेला संपवला. रडत होती. मीही.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेताना मी म्हणाले, "प्रार्थना कर माय."

"त्याला सगळं ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी त्याचीच हाय की आता." एवढं बोलून तिनं निवांत डोळे मिटले.

दार बंद झालं. डॉक्टर सकाळीच बोलले होते, विष रक्तात गेलंय, काही सांगता येत नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, अन् कधी हात जोडले ते मलाच कळलं नाही.

"देवा, तिला बाहेर आण," मी म्हणत होते, "मी एकवीस दिवस उपास करीन."