सायकलवाले मास्तर

पिंपरीत कारखाना निघाला आणि आम्ही कामगारांनी सायकली घेतल्या. चालवायला शिकवलं ते ऑफिसातल्या एका कारकुनानं. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. धोतराचा काचा मारून ते सीट धरून मागं धावत आणि ओरडत, "चाकाकडं काय बघताय? समोर बघा!" थांबायची वेळ आली की तेच मागून सायकल आवरत. त्यामुळं उतरायला कुणी शिकलंच नाही; एकटे चालवताना त्यांचे सगळे शिष्य कारखान्यासमोरच्या लिंबाला मिठी मारूनच उतरायचे. मास्तर स्वतः मात्र पायीच येत. "चालणं प्रकृतीला बरं!"

एका संध्याकाळी कुरुळीचा एक गडी म्हणाला, "मास्तर, येकदा चालवून दावा की."

मास्तर गोरेमोरे झाले. जन्मात ते सायकलवर बसलेच नव्हते. पण नाही कसं म्हणणार? बसले. "चाकाकडं बघू नका! समोर बघा!" असं स्वतःलाच दटावत त्यांनी मैदानाला झोकात फेरी मारली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी दुसरी मारली, मग तिसरी. चौथ्या फेरीला ओरडले, "अरे, लिंब कुठाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा जुन्या शिष्यांना परत बोलावलं आणि कडक आवाजात म्हणाले, "तुमचं शिक्षण अर्धवट राहिलंय. आज उतरणं."