एकोणीसचे निम्मे

भोईवाड्यातल्या कुशाबाने अठ्ठावीस वर्षं काळी-पिवळी चालवली, पण भर रस्त्यात पेट्रोल कधी संपू दिलं नाही. काटा खोटारडा असतो, तो दाखवील त्याच्या निम्मंच धरायचं, हा त्याचा हिशेब. नव्या ड्रायव्हरांना तो हे मिशीवर ताव देत सांगायचा.

मग मुलाने, हितेंद्रने, हौसेने विजेची टॅक्सी घेऊन दिली. तिच्यात काटाच नाही! त्याच्या जागी पाटाएवढा पडदा आणि त्यावर आकडा, अजून किती किलोमीटर जाणार त्याचा. मेला गप्प बसेल तर शपथ! एसी लावला की उतरणार, पूल चढला की उतरणार, मध्येच टिंग करून ओरडणार. साठीच्या माणसाने रस्ता बघायचा की हे? कुशाबाची मान आखडली, झोप उडाली. सिग्नलला थांबला तरी नजर आकड्यावर. बायको लक्ष्मी म्हणाली, "माझ्याकडे एवढं कधी बघितलं नाहीत."

शेजारच्या खोलीतल्या कमलाबाईंचं दर मंगळवारी परळच्या हॉस्पिटलात डायलिसिस असायचं. लक्ष्मी बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा हितेंद्रला तीन महिने सांभाळलं ते याच बाईंनी. कुशाबा त्यांना सकाळी सोडायचा, तीनला आणायचा. "पायरीवर बसून राहा काकी, मी येतो," एवढं सांगितलं की झालं. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता आणि कधी गरजही पडली नव्हती.

त्या मंगळवारी पावणेतीनला, लालबागेत, पडदा टिंग करून लाल झाला. एकोणीस किलोमीटर. हॉस्पिटल दोनावर, तिथून घर आणखी एक. पण जुनी खोड जाते थोडीच! एकोणीसचे निम्मे साडेनऊ. लाल झालंय, म्हणजे पुन्हा निम्मं. त्यात एसी, त्यात ट्रॅफिक, आणि काकींना घेऊन बंद पडलो तर? त्याने गाडी चार्जिंगकडे वळवली. तिथे आधीच तीन गाड्या उभ्या होत्या.

सव्वाचारला तो पोचला तेव्हा पायरी रिकामी होती. वॉचमन म्हणाला, "आजी तासभर उन्हात बसल्या होत्या. सावलीत या म्हटलं तर म्हणाल्या, मी दिसले नाही तर माझा माणूस घाबरेल."

कमलाबाई भेटल्या भोईवाड्याच्या देवळाच्या कट्ट्यावर. चालत आल्या होत्या, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. त्याला बघून म्हणाल्या, "तुझ्या गाडयेक बरा नाय काय रे?"

"होय काकी, बिघडली होती जरा," कुशाबा बोलून गेला.

रात्री सगळं ऐकून हितेंद्र म्हणाला, "बाबा, एकोणीस म्हणजे एकोणीसच हो." कुशाबाला शरम वाटली ती उशिराची नव्हे, खोटं बोलल्याची.

पुढच्या मंगळवारी गाडी पूर्ण चार्ज करून, एसी लावून त्याने चाळीखाली हॉर्न दिला. वरून लक्ष्मी ओरडली, "त्या मघाशीच बसने गेल्या. म्हणाल्या, गाडीला बरं नाही, तिला दगदग नको."

पडद्यावर दोनशे ऐंशी दिसत होते. कुशाबा तडक हॉस्पिटलला गेला आणि भर उन्हात त्याच पायरीवर तीन वाजेपर्यंत बसून राहिला. गाडीला काही झालं नव्हतं काकी, मीच घाबरलो, एवढंच त्याला सांगायचं होतं.