उलट्या पिळाची गाठ

माझ्यात एक खोड आहे. कुणी माझं वाईट केलं की ते मी विसरत नाही. आमचा शेजारी जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्याची आठवण निघाली की मला अजून बरं वाटतं. का, ते सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गोंडपिपरीकडे आमच्या गावाला मोठा तलाव होता आणि त्याच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. पावसाळा सरला की तलावाचं पाणी एका बांधीतून दुसरीत उतरायचं, आणि पाण्याबरोबर मासे. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, जिथे पाणी पडायचं, तिथे आम्ही बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचो. त्याचं मागचं तोंड शिंदीच्या पात्याने बांधायचं, सकाळी सोडायचं आणि मासे टोपलीत ओतायचे.

त्या वर्षी बाबा टायफाईडने महिनाभर अंथरुणावर होते. ताप गेला पण अंगात काही उरलं नव्हतं. भात पाहिला की तोंड फिरवायचे. मरळ माशाचा रस्सा तेवढा घशाखाली उतरायचा. माझं लग्न ठरलेलं होतं, आणि बाबांना पायावर उभं केल्याशिवाय मी हे घर सोडणार नव्हते.

आणि नेमका तेव्हाच सापळा रिकामा निघायला लागला. तोंड बांधलेलं, आत नुसतं शेवाळ. चार दिवस मी बगळ्यांना शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी गाठ नीट पाहिली. पात्याचा पीळ उलटा होता. असा पीळ डावखुराच देतो, आणि आमच्या आळीत डावखुरा एकच होता, हा शेजारी.

तो विहारात पंचशील म्हणायला पुढे बसायचा. न दिलेलं घ्यायचं नाही, हे शील तर तो सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायचा. रोज संध्याकाळी बाबांजवळ येऊन बसायचा, आणि येताना वाटीत रस्सा आणायचा. त्यात मरळीचं शेपूट. आमच्याच मरळीचं!

"खा, भाऊ. तुमच्यासाठीच आणलं," तो म्हणायचा.

बाबांचे डोळे भरून यायचे. मला म्हणायचे, "यायच्यापासून शीक जरा. माणसाले कसं जपावं ते."

मी खाली मान घालून वाटी घासायचे. आतून पेटले होते. मासे नेले ते एक वेळ सोडलं असतं. पण माझ्या बापाकडून त्याने आशीर्वाद नेले, तेही माझ्या डोळ्यांदेखत. बाबांना सांगावं तर त्यांच्या तोंडचं तेवढं शेपूटही जाणार. म्हणून सांगितलं नाही.

दुपारी चिखलात उतरून टोपलीने एक शिंगी धरली. शिंगी म्हणजे काळा, मिशांचा मासा. गालाजवळ दोन्हीकडे काटा. तो लागला की धडधाकट गडी दिवसभर विव्हळतो. सापळ्यात तिला सोडलं आणि वरून शेवाळ असं ठासलं की हात घातल्याशिवाय काही निघू नये. तोंड बांधलं, सरळ पिळाने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वाटीशिवाय आला. डावा हात फडक्यात गुंडाळलेला, सुजून पपईएवढा.

"काय झालं, भाऊ?" बाबांनी विचारलं.

"काई नाई. बाभळीचा काटा रुतला."

"अगं, हळद गरम करून शेकून दे त्यायले."

मी दिलं शेकून. हळद जरा जास्तच गरम झाली होती. त्याने दात आवळले, पण तोंडातून आवाज काढला नाही. काढणार तरी कसा?

"भाऊ," मी म्हटलं, "काटा काढाले गेले आणि गाठ बांधाचं राहून गेलं. आज सापळ्याचं तोंड उघडंच होतं."

तो उठला आणि चहा न घेता गेला.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. ज्याच्यापासून शिकायला सांगितलं, त्यालाच मी असं केलं होतं.

"शिंगी होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एकच?"

"एकच."

बाबा कुशीवर वळले. महिन्याभरात पहिल्यांदा आपल्या आपण वळले.

"उजवा हात अजून धड हाय त्याचा," ते म्हणाले. "उद्या दोन टाक."

मी तीन टाकल्या.